जमीन शेवटी घ्या

प्रश्न: "आम्ही दोन जोडपी आणि एक अविवाहित मित्र, सगळे तिशीतले, पुण्यात नोकरीला. गावं यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांतली, घरं चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. दोन वर्षं संत बेनेडिक्टनं ख्रिस्ती मठांसाठी लिहिलेला नियम एकत्र वाचतो आहोत. आर्वी-धामणगाव पट्ट्यात पाच-सहा एकर घेऊन एकत्र राहावं, प्रार्थना, शेती आणि सेवा करावी, असं ठरतंय. लग्न झालेल्यांना मठासारखं जगणं जमतं का? नियम कसा लिहावा? पैशाचं काय करावं?"

सलाम.

तुमच्या तीन पानी पत्राचा गाभा वर दिला आहे. त्या तीन पानांत 'जमीन' हा शब्द मी मोजला, अकरा वेळा आला. स्वयंपाकघर एकदाही नाही. म्हणून शेवटचं उत्तर आधी देते: जमीन शेवटी घ्या. आधी एकमेकांच्या खरकट्या ताटांची सवय करा.

आम्ही कोण ते सांगते, म्हणजे माझ्या बोलण्याला किती किंमत द्यायची ते तुम्हाला ठरवता येईल. वर्धा जिल्ह्यात आर्वीकडच्या अंगाला सासऱ्यांची साडेचार एकर जमीन आणि एक जुनं कवेलूचं घर होतं. बावीस वर्षांपूर्वी मी मिशनच्या दवाखान्यातली नर्सची नोकरी सोडली, नवऱ्यानं एसटीतली ठेवली, आणि दोन अविवाहित मैत्रिणी आमच्यासोबत राहायला आल्या. मधल्या काळात माणसं आली, गेली, एक वारला. आज सातजण आहोत. मी आणि नवरा, त्या दोघी (एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, दुसरी शिवणकाम करते), नवरा कर्जापायी गमावलेली एक बाई आणि तिचा कॉलेजात जाणारा मुलगा, आणि पंचाहत्तरीचे एक काका, जे आयुष्यभर मोटारपंप दुरुस्त करत आले. चर्च वेगवेगळी: कुणी आलायन्स मिशनचं, कुणी मेथडिस्ट, एक कॅथलिक. दोन गाई, कापूस, तूर, थोडा भाजीपाला. सांगण्यासारखं यश म्हणजे एवढंच की अजून इथंच आहोत.

आता लग्नाचा प्रश्न. लग्न झालेल्यांना मठवासी होता येत नाही आणि तसं म्हणवूनही घेऊ नये. ज्यांनी ते व्रत खरोखर घेतलंय त्यांचा तो अपमान होतो. पण बेनेडिक्टच्या नियमाची ७३ प्रकरणं तुम्ही वाचली आहेत, तर तुमच्याही ध्यानात आलं असेल की ब्रह्मचर्यावर त्यात एखादी ओळ सापडते, आणि प्रार्थनेला किंवा जेवणाला उशिरा आलेल्याचं काय करायचं यावर अख्खं प्रकरण आहे. कोण कुठं झोपेल, दिवसाला किती भाकर, अवजारं कुणाच्या ताब्यात, आजाऱ्याला मांस द्यायचं की नाही. सहाव्या शतकातल्या इटलीतला हा माणूस धर्मशास्त्र लिहायला बसलेला नव्हता, घर चालवायला बसला होता. म्हणून त्याचं सगळं नाही, तरी बरंच काही संसारी माणसाच्या कामाचं आहे.

त्याच्याकडे नव्यानं येणारा तीन वचनं देतो, ५८ व्या प्रकरणात आहेत. जागा न सोडणं, जगण्याची रीत बदलत राहणं, आणि आज्ञापालन. संसारी माणसानं यातलं पहिलं आधी घ्यावं असं माझं मत आहे. कारण सांगते.

आमच्या पहिल्या वर्षी शेजारच्या वावरातले एक म्हातारे बांधावर आले. तीन बाया, एक कंडक्टर, सकाळ-संध्याकाळ गाणी, कुणाला समजेना काय प्रकार आहे. त्यांनी विचारलं, "काय करून राह्यले बाई तुमी इथं?" मी काहीतरी उच्च बोलायला गेले, सेवा, साधना वगैरे. ते म्हणाले, "ते सोडा. राह्याले आले का जायाले?" वऱ्हाडीत 'करतोय' म्हणायला 'करून राह्यलो' म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको, तुम्ही तिकडचेच. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा ऐकू आलं की आपल्या बोलीत कुठलीही गोष्ट करायची म्हटली की आधी राहावं लागतं. बेनेडिक्टचं लॅटिन मला येत नाही. त्याच्या पहिल्या वचनाचं भाषांतर त्या म्हाताऱ्यानं करून दिलं.

याला आपल्याच मुलखात मोठा विरोधी आवाज आहे, तोही ऐका. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर महानुभावांचं. चक्रधरस्वामींनी आपल्या साधकांना अटन सांगितलं, हिंडत राहा, एका गावाशी, एका दाराशी जीव गुंतू देऊ नका. बेनेडिक्ट मात्र पहिल्याच प्रकरणात हिंडणाऱ्या साधूंवर चिडलेला आहे, तीन दिवस या मठात, चार दिवस त्या मठात राहणारे, स्वतःच्या मर्जीचे आणि जिभेचे गुलाम. मी बराच काळ समजत होते की यातलं एक बरोबर, एक चूक. आता वाटतं दोघंही एकाच रोगावर औषध देत होते. आसक्ती. एकाला ती जागेत दिसली, दुसऱ्याला निघून जाण्याच्या मुभेत. तेराव्या शतकातल्या माणसाला घरदार सोडवत नव्हतं. आपल्या पिढीला काहीच धरवत नाही. दर तीन वर्षांनी नवी कंपनी, नवं घर, चर्चची मंडळीही नवी, वाद्यवृंद चांगला म्हणून. तुमच्या-माझ्या रोगाला बेनेडिक्टचं औषध लागू पडतं.

दिनक्रमाबद्दल लोक आम्हाला सगळ्यात जास्त विचारतात, आणि खरं तर तो सगळ्यात सोपा भाग आहे. आम्ही दिवसातून तीनदा जमतो: पहाटे, दुपारी, संध्याकाळी. रोज पाच स्तोत्रं, म्हणजे महिन्यात बायबलातली दीडशेची स्तोत्रसंहिता पुरी होते. बेनेडिक्टचे साधू ती आठवड्यात संपवत. गाणी 'उपासना-संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातली, कवी ना. वा. टिळकांची जास्त, कारण ती पेटीशिवायही चालतात. एवढंच.

पण वेळा ठरवताना एक चूक आम्ही केली ती तुम्ही करू नका. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही पाश्चात्त्य पुस्तकातलं वेळापत्रक भिंतीवर लावलं होतं: सकाळी नऊ ते बारा शेतकाम. मे महिन्यात! वर्ध्यात पारा पंचेचाळीसच्या वर असतो त्या दिवसांत. दोघी चक्कर येऊन पडल्या, त्यातली एक मी. मग कुणीतरी नियमाचं ४८ वं प्रकरण नीट वाचून दाखवलं. ईस्टरपासून ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेपर्यंत पहाटेच कामाला लागायचं, दहाच्या सुमाराला थांबायचं, मग वाचन, दुपारच्या प्रार्थनेनंतर जेवून आपापल्या अंथरुणावर गुपचूप पडायचं, ज्याला वाचायचं त्यानं दुसऱ्याची झोप न मोडता वाचायचं, ऊन उतरल्यावर पुन्हा काम. अगदी आपल्या वऱ्हाडातला शेतकरी करतो तसं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला दुपारची झोप कळत होती आणि आम्ही मात्र त्याच्याहून कडक व्हायला निघालो होतो.

त्याच प्रकरणात पुढं आहे की पीक स्वतःच काढायची वेळ आली तर साधूंनी मन खट्टू करून घेऊ नये, हातच्या कष्टावर जगतात तेव्हाच ते खरे साधू. यावरून ओळखायचं की ते खट्टू होत होते. कापूस वेचताना मला याचा मोठा आधार वाटतो. बोंडाच्या कडांनी बोटं ओरबाडून निघतात आणि मनात स्तोत्र वगैरे काही येत नाही, फक्त ओळ कधी संपेल हेच. पन्नासावं प्रकरण सांगतं, लांब कामावर असलेल्यांनी प्रार्थनेसाठी धावत येऊ नये, वेळ झाली की आहे तिथंच गुडघे टेकावे. आम्ही दुपारची प्रार्थना वेचणीच्या दिवसांत धुऱ्यावर करतो, दोन मिनिटांची. मजुरीला येणाऱ्या बायांना तो वेळ पाणी प्यायचा.

आणि रात्रीची प्रार्थना. जुने साधू मध्यरात्रीनंतर उठून स्तोत्रं म्हणत, हे वाचून तुम्ही भारावला आहात असं पत्रावरून दिसतं. भारावू नका. शेतीच्या लाईनीची, म्हणजे विजेची, रात्रपाळी आली की तुम्हाला तशीही मध्यरात्री उठून पंप सुरू करायला जावं लागेल, हातात बॅटरी आणि विंचवा-सापासाठी काठी. आमच्याकडे ज्याची पाळी असेल तो परतताना अंगणात उभा राहून एक स्तोत्र म्हणतो, मनातल्या मनात. एवढी रात्रीची उपासना पुरे होते.

आता ज्या गोष्टीवर पत्रात अवाक्षर नाही त्याकडे येते. कुरकुर.

एकत्र राहणारी माणसं पंथावरून, बाप्तिस्म्याच्या रीतीवरून, पवित्र शास्त्राच्या अर्थावरून फुटतात असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्याकडे आलायन्स आणि कॅथलिक एका ताटात जेवतात, तिथं कधी काही झालं नाही. आमची माणसं फुटली ती कढईवरून. कुणी तेल जास्त घालतं, कुणी भांडी भिजत टाकून जातं, कुणाच्या पाळीला नेमकी डोकेदुखी होते. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायातलं 'सर्व काही समाईक' सगळ्यांना पाठ असतं, तुम्हीही पत्रात दिलंय. सहावा अध्याय कुणी देत नाही. तिथं यरुशलेमच्या मंडळीत पहिली जाहीर कुरकुर होते, आणि ती वाढपावरून होते: आमच्या विधवांना वाढताना वगळलं जातं. प्रेषितांनी यावर उपदेश केला नाही. सात माणसं नेमली.

बेनेडिक्टला ही गोष्ट इतकी ठाऊक होती की त्यानं ३५ व्या प्रकरणात स्वयंपाकाची पाळी आठवड्याची केली, कुणालाही सूट नाही, आजार किंवा तसंच मोठं काम असल्याशिवाय. पाळी संपताना शनिवारी सगळी सफाई करायची, पुसण्याची फडकी धुवायची, भांडी कोठाऱ्याकडे मोजून परत द्यायची. आणि त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट: वाढप्यांना जेवणाच्या तासभर आधी थोडी भाकर आणि प्यायला जास्तीचं द्यायचं, म्हणजे ते कुरकुर न करता वाढतील. उपाशी माणूस चिडतो, हे आध्यात्मिक ग्रंथात लिहायला हिंमत लागते. आमच्याकडे चुलीवर ज्वारीच्या भाकरी थापणारी पहिली गरम भाकर स्वतः खाते, तेल-चटणीसोबत, तिथंच. नवीन माणसाला हे विचित्र वाटतं, आपल्याकडे बाईनं शेवटी जेवायची रीत ना! पाहुण्या आलेल्या एका पाळकांना तर ते खटकलंच. आम्ही बदललं नाही.

पाळी पुरुषांनाही. यावर चर्चा नको. तुमच्यातली दोन्ही जोडपी पुण्यात कशी राहतात मला माहीत नाही, पण गावात आल्यावर चार महिन्यांत सगळा स्वयंपाक दोन बायकांवर जाऊन पडतो आणि पुरुष 'शेतात असतात'. मग ती साधना फक्त पुरुषांची होते.

दुसरं, निघून जाण्याचा नियम. हा पहिल्या दिवशी लिहा. आमचं पाचवं वर्ष. एक जोडपं आमच्याबरोबर तीन वर्षं होतं, त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतले दोन लाख विहीर खोल करायला दिले होते. प्रेमानं दिले, आम्ही प्रेमानं घेतले, कागद केला नाही. मग त्यांच्या आईचं आजारपण आलं, जावं लागलं, आणि पैसे परत मागताना त्यांना लाज आणि देताना आमच्याकडे नव्हते. चार वर्षं लागली फेडायला. त्या काळात ते नाताळलाही आले नाहीत. चूक आमची होती, त्यांची नाही. आम्हाला वाटायचं, जाण्याचं बोलणं म्हणजे अविश्वास. नंतर ५८ वं प्रकरण पुन्हा काढलं तर शेवटी स्पष्ट लिहिलेलं: नव्यानं आलेल्याचे मूळ कपडे फेकायचे नाहीत, कोठीत जपून ठेवायचे, पुढं कधी तो निघालाच तर ते अंगावर घालून त्याला जाता यावं. जागा न सोडण्याचं वचन ज्या प्रकरणात, त्याच प्रकरणात परतीचे कपडे. आता आमच्याकडे येणाऱ्याचं सगळं लिहून ठेवतो, सायकल, गॅसची शेगडी, रोख रक्कम. पहिली तीन वर्षं त्यातलं काही समाईक होत नाही.

पैशाचं रोजचं गणित साधं ठेवा. पगार, दूध, शिलाई, तुरीचे पैसे, सगळं एका खात्यात. माणशी सातशे रुपये महिन्याचा हातखर्च, त्याचा हिशेब कुणी कुणाला विचारत नाही, हे महत्त्वाचं. बाकी प्रत्येक खर्च स्वयंपाकघराच्या दारामागच्या वहीत. कोठारी दर वर्षी बदलतो आणि नवरा-बायको लागोपाठ होत नाहीत. बेनेडिक्ट कोठाऱ्याला सांगतो की मठाची सगळी भांडी-अवजारं वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी समजावी. आमच्या काकांनी हे वाचल्यापासून पाना-पक्कड तेल लावून ठेवतात. तेवढा बदल मी डोळ्यांनी पाहिला आहे.

जमिनीचं कायदेशीर: शेतकरी खातेदार नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही, तेव्हा तुमच्यातल्या कुणाच्या घरचा सातबारा आहे ते पाहा. मग ती एकाच्या नावावर होईल आणि तिथंच मेख आहे. ज्याच्या नावावर सातबारा, त्याचं बोलणं आपोआप शेवटचं होतं, तो कितीही नम्र असला तरी. आमच्याकडे अकरा वर्षं माझ्या नवऱ्याचं तसं झालं. तो गप्प बसला तरी लोक त्याच्या तोंडाकडे पाहून हात वर करायचे. शेवटी घर आणि भोवतालची अकृषक केलेली जागा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदवलेल्या न्यासाकडे दिली, शेत मात्र त्याच्या नावावर आहे आणि त्याच्या उपयोगाचा लेखी करार आहे. न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. ही कटकट वाटेल. पण विदर्भातल्या किती मिशनच्या जमिनींचे वाद कोर्टात आयुष्यं खात बसलेत ते तुमच्या घरच्यांनाच विचारा.

त्यावरून कंपाउंडचं, म्हणजे मिशनच्या वसाहतीचं, आठवलं. तुम्ही लिहिलंय की 'विदर्भात असा प्रयोग नवा असेल'. नवा नाही. तुमच्या-माझ्या आज्यांनी ख्रिस्ती वसाहतीतच दिवस काढले. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात मिशनांनी अनाथालयं चालवली, माझी पणजी तशाच एका ठिकाणी वाढली, तिथंच शिकली, तिथंच तिचं लग्न लावून दिलं गेलं. बंगला, शाळा, दवाखाना, ओळीनं खोल्या, सकाळची घंटा, सगळ्यांची प्रार्थना एकत्र. बाहेरून पाहिलं तर तुमच्या स्वप्नातलंच. त्यातून जीव वाचले, अक्षर आलं, आणि आमच्या घरातल्या बाया नर्स-मास्तरणी झाल्या, हे मी विसरत नाही. पण नोकरी, घर आणि देव तिन्ही एकाच बंगल्यातून येत होते. मिशनरी साहेब गेले तसा आधार गेला आणि लोक कंपाउंडच्या भिंतीकडे पाहत राहिले. म्हणून आमचा पहिला निर्धार हा की इथं कुणालाही पोटासाठी प्रार्थनेला यावं लागू नये.

आश्रमाची वाट आपल्या मराठी माणसानंही शोधली होती. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही ख्रिस्तभक्त एकत्र यावेत म्हणून. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. पुढं १९२१ मध्ये तमिळनाडूत तिरुपत्तूरला ख्रिस्तकुल आश्रम झाला, १९२७ मध्ये पुण्यात शिवाजीनगरला विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याच्या पुढाकारानं ख्रिस्ती आश्रम उभा राहिला. तुम्ही पुण्यातच राहता, तर तिथं जाऊन शांत बसून या. केरळात वागमणजवळचा कुरिसुमला आश्रम मी पाहिलेला आहे, १९५८ मध्ये फ्रान्सिस माहियू आणि बीड ग्रिफिथ्स या युरोपीय साधूंनी सुरू केलेला. तिथले भगवे कपडे आणि जमिनीवर बसून उपासना याचं सगळ्यांना अप्रूप. माझ्या लक्षात राहिला तो गोठा. शेणात हात घातलेले साधू. १९९८ मध्ये त्यांना बेनेडिक्टचाच नियम पाळणाऱ्या, कडक शिस्तीच्या सिस्टर्शियन संघानं आपलं म्हटलं, पण गाई त्याच्या कितीतरी आधीपासून होत्या.

तरी आम्ही सगळ्यात जास्त शिकलो ते घराजवळ, पवनारला. धाम नदीकाठी विनोबांनी १९५९ मध्ये बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. त्या ख्रिस्ती नाहीत, आणि त्यांना आपल्या रंगात रंगवून पाहू नका. तिथं कुणी मुख्य नाही. निर्णय सर्वसंमतीनं, एकीचाही नकार असेल तर थांबायचं. बेनेडिक्ट इथं वेगळा: तो म्हणतो सगळ्यांना बोलवा, अगदी धाकट्यालाही, कारण देव बरेचदा धाकट्याला बरं सुचवतो, पण शेवटी मठाधिपतीनं ठरवावं. आम्ही मठाधिपती ठेवला नाही. नवा माणूस घेणं, मोठा खर्च आणि नियमातला बदल या तीन गोष्टींना पवनारची रीत. एका सोलर पंपासाठी पाच महिने थांबलो, एकीचं मन होत नव्हतं म्हणून. पाणी नव्हतं त्या वर्षी, मी आतून जळत होते. तिचं म्हणणं शेवटी बरोबरही निघालं नाही. तरी थांबलो ते बरं झालं असं आज वाटतं, तिला तेव्हा हरवलं असतं तर ती आज इथं नसती.

मुख्य माणसाबद्दल आणखी एक, जरा कडू. आमच्या तरुणपणी ज्याँ वानिए हे नाव आम्ही आदरानं घ्यायचो. १९६४ मध्ये फ्रान्समध्ये त्यानं बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांबरोबर राहायला सुरुवात केली, तेच पुढं लार्श म्हणून जगभर पसरलं. २०१९ मध्ये तो वारला. २०२० मध्ये संस्थेनंच करवून घेतलेल्या चौकशीतून बाहेर आलं की आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली त्यानं अनेक स्त्रियांचं शोषण केलं होतं. ते वाचलं त्या रात्री आम्ही प्रार्थनेला बसलो आणि कुणाला काही म्हणता येईना. त्यानंतर बाहेरचा एक माणूस नेमला. सध्या एक सिस्टर, म्हणजे नन, आहेत, आमच्यापैकी कुणाच्याही नात्यातल्या वा मंडळीतल्या नाहीत. वर्षातून दोनदा येतात, प्रत्येकाशी एकटं बोलतात, मुलाशीसुद्धा. त्या काय बोलल्या ते आम्ही विचारत नाही. पाच मित्रांच्या गटाला याची गरज वाटत नाही. तुम्हालाही वाटणार नाही. तरी करा.

मंडळी सोडू नका. रविवारी जवळच्या मंडळीत जा, मागच्या बाकावर बसा, दशांश द्या, सणाला खुर्च्या उचला. प्रभुभोजन आपल्या घरात वेगळं मांडू नका. आमच्या पाळकांना पहिली दोन वर्षं वाटायचं की आम्ही नवीन पंथ काढतो आहोत. खुर्च्या उचलल्यानं तो संशय गेला.

गावाचा संशय निराळा. 'बाटवायला आले का?' हा प्रश्न तोंडावर येईल किंवा पाठीमागं, पण येईल. मी नर्स, त्यामुळे लोक जखम बांधायला, रक्तदाब पाहायला यायचे. पट्टी बांधताना पत्रिका हातात द्यायची नाही, हे पहिल्या दिवसापासून. प्रार्थनेला भोंगा नाही. फाटक दिवसभर उघडं. आपल्या भागात एक सोय आहे, तुकडोजी महाराजांची. मोझरीच्या गुरुकुंजानं गावोगाव सामुदायिक प्रार्थना रुजवली आहे, दिवेलागणीला रांगेत बसून एका सुरात म्हणणं लोकांना परकं नाही. आमची संध्याकाळ पाहून एक आजी सहज म्हणाल्या, "तुमचीबी सामुदायिकच हाये." त्यानंतर फारसं कुणी विचारलं नाही.

फाटकाजवळ आमचे काका बसतात. बेनेडिक्टनं ६६ व्या प्रकरणात द्वारपाल म्हणून समजूतदार म्हातारा नेमायला सांगितलंय, निरोप घेता-देता येईल असा आणि वयामुळं इकडंतिकडं भटकणार नाही असा. काकांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, भटकता येत नाही म्हणून नेमलं होय मला!

मुलांचं. तुमच्यातल्या एका जोडप्याला लहान मुलगी आहे असं लिहिलंय. आमची मुलगी इथं वाढली. चौदाव्या वर्षी तिनं पहाटेच्या प्रार्थनेला यायचं बंद केलं आणि सांगितलं, "व्रत तुम्ही घेतलं, मी नाही." मला फार लागलं. पण खरं होतं. तेव्हापासून मुलांसाठी एकच नियम: रात्रीचं जेवण एकत्र, बाकी त्यांच्या मनावर. तिची स्वतंत्र खोली आम्ही फार उशिरा केली, ती लवकर करायला हवी होती. पाच मोठी माणसं एकाच मुलाला वळण लावू लागली तर त्या मुलाचा जीव गुदमरतो. आज ती नागपूरला असते, पोळ्याला न चुकता येते, रविवारी चर्चला जाते की नाही ते मी विचारत नाही.

आता तुम्ही काय करायचं. पुण्यातच एक वर्ष. शक्य तर एकाच इमारतीत किंवा चालत जाण्याच्या अंतरावर भाड्यानं राहा. रोज एक वेळ एकत्र प्रार्थना, ऑफिसच्या आधी, पंधरा मिनिटं, भाषण नाही. आठवड्यातून चार रात्रीचं जेवण एकत्र, पाळीनं. पगारातला दहावा हिस्सा एका खात्यात, आणि वर्षात त्यातून काय खर्च करायचा ते सर्वसंमतीनं. बेनेडिक्ट नव्या माणसाला सहज आत घेत नाही, चार-पाच दिवस दारावर ठोठावू देतो, मग वर्षभरात तीनदा नियम वाचून दाखवतो आणि दर वेळी सांगतो, पाळता येत असेल तर ये, नसेल तर मोकळेपणानं जा. तुम्हीही तीनदा थांबा, दुसऱ्या, आठव्या आणि बाराव्या महिन्याला, आणि प्रत्येकानं एकट्यानं लिहून द्यावं: राहतो की जातो. एकजण जाईल. बहुधा जो सगळ्यात उत्साही आहे तो. त्याला वाईट वाटू देऊ नका.

नियम दोन पानांपेक्षा मोठा लिहू नका, आणि उत्साहाच्या दिवशी तर नकोच. ताप आलाय, पाऊस नाही, समोरच्याचं तोंड पाहवत नाही, अशा दिवशी जेवढं पाळता येईल तेवढंच लिहा. जर्मन पाळक बोनहोफर फिंकनवाल्डला तरुण पाळकांबरोबर दोन वर्षं असाच राहिला, १९३७ मध्ये गेस्टापोनं, नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ते बंद केलं. त्यानंतर त्यानं लिहिलं की सहजीवनाच्या स्वप्नावर जो सहजीवनापेक्षा जास्त प्रेम करतो तो ते मोडतो. तुमचं पत्र वाचताना मला ते आठवत होतं. माझं जुनं पत्रही असंच असणार.

वर्षानंतरही तिघे-चौघे उरलात तर आमच्याकडे या. नाताळात येऊ नका, तेव्हा सगळंच छान दिसतं. जूनमध्येही नको, पेरणी असते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात या, पंधरा दिवसांसाठी. अंथरूण आहे, मच्छरदाणी आणा, उन्हाचा दुपट्टा आणा. नियमात थोडी वाईन चालते म्हणून कुणी बाटली आणू नका, वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. स्वयंपाकाची पाळी दुसऱ्या दिवसापासून लागेल. लाईनीची रात्रपाळी त्या आठवड्यात असली तर पंपावर जायला तुमच्यातल्या एकाला उठवू, वाट काका दाखवतील.